ग्रुपवर बोलावे की एकट्याला सांगावे? मतभेद मांडण्याची रीत



आज आपल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये दहा-पंधरा तरी व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत. शाळेचा पालक ग्रुप, केंद्राचा शिक्षक ग्रुप, गावाचा ग्रुप, धान खरेदीची माहिती देणारा शेतकऱ्यांचा ग्रुप, बचत गटाचा ग्रुप, भावकीचा ग्रुप आणि दहावीच्या बॅचचा ग्रुप. सकाळी ‘शुभ सकाळ’ने सुरुवात होते आणि संध्याकाळपर्यंत कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर कोणाचं तरी वाजलेलं असतं. कोणी ‘लेफ्ट’ होतो, कोणाला काढलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं गावातल्या एकाच रस्त्याने तोंड फिरवून जातात.

मतभेद असणे वाईट नाही. दोन डोकी एकत्र आली की दोन मतं येणारच. पण मत कुठे मांडायचं, सगळ्यांसमोर की एकट्याजवळ, आणि कोणत्या शब्दांत, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही. मराठीच्या पुस्तकात आपण मुलांना पत्रलेखन शिकवतो, अर्ज शिकवतो, संवादलेखन शिकवतो. आता मुलं मोठी झाली की सगळ्यात जास्त लिहिणार ते ग्रुपवर. म्हणून या लेखात आपण ही रीत नीट समजून घेऊ. लेखाच्या शेवटी वर्गात घेण्यासारखा एक उपक्रमही दिला आहे.

१) ग्रुप म्हणजे नेमकी कोणती जागा?

गावातल्या पारावर चार माणसं बसून वाद घालतात तेव्हा कोण ऐकतंय हे समोर दिसतं. समोरच्याचा चेहरा दिसतो. तो चिडला की आपण आवाज खाली घेतो. शिवाय आपल्या झाडीपट्टीच्या बोलण्यात एक सुंदर सोय आहे, ती म्हणजे ‘जी’. ‘तसं नाही जी’, ‘काऊन जी?’ असं म्हटलं की नकार देऊनही मान राखला जातो. वडीलधाऱ्या माणसाला ‘तुमचं चुकलं’ हे आपण याच ‘जी’च्या आधाराने सांगत आलो आहोत.

मोबाईलवर टाइप करताना हा ‘जी’ गळून पडतो. आवाज जातो, हसणं जातं, हात जोडणं जातं. उरतो फक्त शब्द, ‘तसं नाही’. वाचणारा तो शब्द स्वतःच्या मनातल्या आवाजात वाचतो. तो आधीच रागात असेल तर साधं वाक्यही त्याला टोमण्यासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रेक्षक. ग्रुपमध्ये बोलणारे पाच-सात आणि वाचणारे दोनशे असतात. त्या दोनशेंत त्या माणसाची सून असते, जावई असतो, त्याच्या मुलाचे वर्गमित्र असतात. घरात एकच फोन असेल तर तो संध्याकाळी मुलांच्याच हातात असतो. म्हणजे ज्याला आपण ग्रुपवर चूक दाखवतो, त्याला ती आपल्याच लेकरासमोर दाखवली जाते.

तिसरी गोष्ट, लिहिलेलं टिकतं. पारावरचं बोलणं वाऱ्यावर जातं. ग्रुपवरच्या मेसेजचा स्क्रीनशॉट निघतो आणि तो अशा ठिकाणी जातो जिथे आधीचे चार मेसेज कोणालाच माहीत नसतात. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं तरी ज्याने वाचायचं त्याने वाचलेलं असतं, आणि ‘धिस मेसेज वॉज डिलीटेड’ या ओळीमुळे उलट कुतूहल वाढतं.

या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुढची रीत आपोआप समजते.

२) पहिला प्रश्न: बाब कोणाची आहे?

मेसेज वाचून आपल्याला पटलं नाही की बोट लगेच कीबोर्डकडे जातं. तिथे थांबून एकच प्रश्न विचारायचा: ही बाब कोणाची आहे? एका माणसाची, की सगळ्यांची?

अ) एका माणसाची बाब असेल तर एकट्याला सांगावे. एखाद्या पालकाने चुकून खासगी फोटो टाकला, एखाद्या शिक्षकाने परिपत्रकाची जुनी प्रत पाठवली, कोणाची भाषा जरा घसरली, कोणाचं शुद्धलेखन चुकलं, कोणी सारखे फॉरवर्ड टाकतो. या सगळ्या गोष्टी त्या माणसाला वेगळा मेसेज करून किंवा सरळ फोन करून सांगता येतात. ‘सर, ते पत्रक मागच्या वर्षीचं दिसतंय, एकदा तारीख बघता का?’ एवढं पुरतं. तो स्वतःच ग्रुपवर दुरुस्ती टाकतो आणि त्याचा मानही राहतो.

आ) सगळ्यांची बाब असेल तर सगळ्यांसमोर बोलावे. सहलीचे पैसे किती घ्यायचे, स्नेहसंमेलन रोवणीच्या आधी घ्यायचं की धान कापणीनंतर, गावच्या नळयोजनेची वेळ बदलायची का, हे सगळ्यांचे विषय आहेत. इथे एकट्याला गाठून बोललं तर ती कुजबुज होते. निर्णय कोणी, कसा घेतला हे इतरांना कळत नाही आणि संशय वाढतो. अशा वेळी ‘मला हे पटत नाही, कारण असं असं’ हे ग्रुपवरच लिहावे. गप्प राहून नंतर चहाच्या टपरीवर बोलणे ही रीत नाही.

इ) खोटी आणि धोक्याची माहिती असेल तर जिथे पसरली तिथेच आणि लगेच दुरुस्त करावी. इथे एकट्याला सांगून भागत नाही, कारण दोनशे माणसांनी ती वाचलेली असते. याविषयी पुढे वेगळं लिहितो, कारण इथे प्रश्न माणसाच्या जिवाचा असतो.

ही विभागणी काही आजची नाही. इंटरनेट वापरणाऱ्यांसाठी शिष्टाचाराची एक नियमावली ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तेव्हा व्हॉट्सअॅप काय, आपल्या गावांत धड टेलिफोनही नव्हते. त्या नियमावलीत सांगितलं आहे की गटातल्या एकाच माणसाशी वाद झाला तर तो दोघांनी आपसात पत्राने मिटवावा, सगळ्या गटाला त्यात ओढू नये. आणि मुद्दा गटाच्या उपयोगाचा असेल तर नंतर त्याचा सारांश गटाला कळवावा. राग आला असेल तर उत्तर पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी, असंही त्यात आहे. तीस वर्षं झाली तरी याहून चांगला सल्ला सापडत नाही. आपल्याकडची म्हातारी माणसं तरी दुसरं काय सांगतात? रात्र जाऊ द्या, सकाळी बोलू.

३) पालक ग्रुपवरचं एक उदाहरण

समजा, एका पालकाने रात्री दहा वाजता शाळेच्या ग्रुपवर लिहिलं, ‘माझ्या पोरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म का भरला नाही? शाळेत काय चालू आहे?’

मेसेज पाहून शिक्षकाला वाईट वाटणारच. त्याच्याकडे उत्तरही असतं: मुलगी महिनाभर गैरहजर होती, दाखला मागितला तो आला नाही, तीन वेळा फोन केला तो लागला नाही. हे सगळं खरं असतं. पण ते ग्रुपवर लिहिलं तर काय होतं? मुलीची गैरहजेरी गावभर होते. ती का गैरहजर होती, घरी आई आजारी होती की लहान भावाला सांभाळायला ठेवली होती, याची चर्चा सुरू होते. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरं तिला चिडवतात. वाद होता शिक्षक आणि पालकाचा, शिक्षा भोगते मुलगी. त्यानंतर ती शाळेत यायचं टाळू लागली, तर तो वाद जिंकून आपण काय मिळवलं?

अशा वेळी ग्रुपवर फक्त एवढं लिहावं: ‘नमस्कार भाऊ, तुमचा प्रश्न रास्त आहे. सकाळी मी तुम्हाला फोन करतो, आपण बसून बघू.’ आणि सकाळी खरंच फोन करावा. फॉर्मची मुदत शिल्लक असेल तर आधी फॉर्म भरावा, चूक कोणाची ते नंतर. प्रश्न सुटल्यावर ग्रुपवर सर्वांना उपयोगी पडेल एवढंच टाकावं, नाव न घेता: ‘शिष्यवृत्ती फॉर्मसाठी अमुक दाखले लागतात, ज्यांचे राहिले असतील त्यांनी शुक्रवारपर्यंत द्यावेत.’

आता पालकांसाठीही एक सांगणं. शिक्षकाला पहिला प्रश्न ग्रुपवर विचारण्याआधी एकदा फोन करून बघा. शाळेत या. तरीही ऐकलं नाही तर शाळा व्यवस्थापन समिती आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे या समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. ही समिती सहीसाठी नाही, असे प्रश्न तोंडावर मांडण्यासाठीच आहे. गावच्या बाबतीत ग्रामसभा आहे, ती वर्षातून किमान चार वेळा व्हायलाच हवी. ग्रुपवर दोनशे मेसेज झाले तरी ठराव होत नाही. ग्रामसभेत एक हात वर झाला तर तो इतिवृत्तात येतो.

मुलांचे गुण, हजेरी, आजार, जात, फी, घरची परिस्थिती या गोष्टी कोणत्याही वादात, कोणत्याही बाजूने ग्रुपवर आणू नयेत. हा नियम शिक्षक आणि पालक दोघांनी पाळावा.

४) जिथे गप्प राहणं चालत नाही

आता तिसऱ्या प्रकाराकडे येऊ. १ जुलै २०१८ चा दिवस महाराष्ट्र विसरणार नाही. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. रविवारचा बाजार भरला होता. त्या काळात मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज मोबाईलवर जोरात फिरत होते. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने त्या टोळीतले समजून मारून टाकलं. ती मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातून आलेली साधी, फिरस्ती माणसं होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी फॉरवर्ड करता येणार नाही अशी मर्यादा आणली, आणि फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तशी खूण दिसू लागली.

विचार करा, तो मेसेज कितीतरी ग्रुपवर आला असेल. वाचणाऱ्यांपैकी काहींना तो खोटा वाटलाही असेल. पण ‘कशाला उगाच बोला, टाकणारा आपलाच माणूस आहे, त्याला वाईट वाटेल’ म्हणून माणसं गप्प राहतात. मान राखण्याची आपली चांगली सवय अशा वेळी घातक होते.

आपल्या जिल्ह्याचंच बघा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला, ती आठवण अजून ताजी आहे. उद्या असाच पाऊस लागला आणि ग्रुपवर ‘धरण फुटलं, पळा’ असा मेसेज आला तर? टाकणाऱ्याला एकट्याला ‘भाऊ, खात्री केली का?’ असं विचारत बसायला वेळ नसतो. तिथल्या तिथे लिहायचं: ‘ही बातमी कुठून आली ते कळलेलं नाही. तलाठी किंवा तहसील कार्यालयाकडून खात्री होईपर्यंत कृपया पुढे पाठवू नका.’

इथेही एक काळजी घ्यायची. माहितीला खोटं म्हणा, माणसाला खोटारडा म्हणू नका. त्याने ती बहुतेक वेळा भीतीने किंवा चांगल्या हेतूने पाठवलेली असते. ग्रुपवर माहितीची दुरुस्ती करावी, आणि लगेच त्या माणसाला वेगळा मेसेज करावा: ‘भाऊ, राग मानू नका, लोक घाबरतील म्हणून लगेच लिहावं लागलं.’ त्याला मेसेज काढून टाकायलाही मग कमीपणा वाटत नाही.

५) विरोध कसा लिहावा?

जागा ठरली की मग शब्द. माझ्या अनुभवाने पुढील गोष्टी उपयोगी पडतात.

- आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगा. ‘तुमचं म्हणणं असं की सहल नागपूरला न्यावी म्हणजे खर्च कमी येईल. बरोबर ना?’ निम्मे वाद इथेच संपतात, कारण आपण मुळात चुकीचं समजलेलो असतो.

- जे पटलं ते आधी कबूल करा. ‘खर्चाचा मुद्दा बरोबर आहे. पण लहान मुलांना एवढा प्रवास झेपेल का, याची मला काळजी वाटते.’

- ‘तुम्ही’ने सुरू होणारी वाक्ये कमी करा. ‘तुम्ही नेहमीच असं करता’ हे वाक्य मुद्द्यावर येत नाही, माणसावर येतं. ‘मला वाटतं’, ‘माझी अडचण अशी आहे’ असं लिहा.

- ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळेच’ हे शब्द टाळा. एका चुकीवरून सगळा माणूस मोजला जातो असं त्याला वाटतं.

- टोमणा मारू नका. ‘काही लोकांना फारच कळतं’ असं नाव न घेता लिहिणं हा सगळ्यात वाईट प्रकार. ज्याला लागायचं त्याला लागतंच, आणि ज्यांच्याविषयी नव्हतं असे आणखी चार जण आपल्यालाच म्हटलं समजून दुखावतात.

- नुसता अंगठा किंवा हसणारा चेहरा टाकून विरोध करू नका. कोणाच्या गंभीर मेसेजवर हसणारा चेहरा टाकणं म्हणजे भर सभेत खिदळणं.

- जुन्या गोष्टी उकरू नका. विषय सहलीचा असेल तर मागच्या गणेशोत्सवाचा हिशोब त्यात आणू नये.

- तीन फेऱ्यांचा नियम ठेवा. तुम्ही लिहिलं, त्यांनी लिहिलं, असं तीन वेळा झालं आणि नवीन मुद्दा येत नसेल तर थांबा. ‘यावर आपण भेटून बोलू’ असं लिहा. ज्याचा शेवटचा मेसेज तो जिंकला असं काही नसतं.

- वयाचा आणि नात्याचा मान राखा. काकाजींना, मावशीला, गुरुजींना विरोध करता येतो, करावाही. पण ‘काकाजी, लहान तोंडी मोठा घास घेतो’ एवढी सुरुवात केली की पुढचं कडू बोलणंही गिळता येतं. उलट, मोठ्यांनीही लहानांच्या प्रश्नाला ‘तू किती दिवसांचा?’ असं म्हणून उडवून लावू नये. तरुण सुना, नव्याने लागलेले शिक्षक, कमी शिकलेले पालक हे ग्रुपवर एकदा अपमान झाला की पुन्हा कधीच लिहीत नाहीत. ग्रुप शांत दिसतो, पण त्यांचं मत आपल्याला कळणं बंद झालेलं असतं.

एकट्याला सांगतानाही रीत असते. खासगी मेसेज म्हणजे काहीही बोलायची मोकळीक नाही. तिथे दिलेली धमकी ही धमकीच असते. आणि खासगीत झालेलं बोलणं समोरच्याला न विचारता स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकणं हा विश्वासघात आहे. समोरचा माणूस धमकी देत असेल, त्रास देत असेल, तर तो स्क्रीनशॉट ग्रुपवर न टाकता घरच्या मोठ्यांकडे, मुख्याध्यापकांकडे किंवा पोलिसांकडे न्यावा. विशेषतः महिला आणि मुलींना हे सांगून ठेवलं पाहिजे, की अशा वेळी ‘खासगीत मिटवा’ हा नियम त्यांच्यासाठी नाही.

६) मोठ्या माणसांनी मतभेद कसे हाताळले?

महाराष्ट्रात जाहीर वादाची परंपरा जुनी आहे. कलगी-तुऱ्यात दोन बाजूंचे शाहीर रात्रभर सवाल-जवाब करत. सगळं गाव ऐकायला असे. सवालाला जवाब देता आला पाहिजे, ही त्यातली खरी कसोटी.

टिळक आणि आगरकर यांचं उदाहरण तर प्रत्येक शिक्षकाला माहीत हवं. दोघे जिवलग मित्र. ‘केसरी’ १८८१ मध्ये निघाला तेव्हा आगरकर त्याचे संपादक होते. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पुढे सामाजिक सुधारणा आधी की राजकीय स्वातंत्र्य आधी, यावर मतं फाटली. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून दोघे उघड उघड एकमेकांविरुद्ध होते. मुलींच्या आयुष्याचा प्रश्न होता, म्हणजे सगळ्या समाजाची बाब. तो वाद वर्तमानपत्रात, सगळ्यांसमोर झाला हे योग्यच झालं. लोकांना दोन्ही बाजू वाचायला मिळाल्या.

पण त्या वादाची वाईट बाजूही मुलांना सांगायला हवी. पुण्यातल्या विरोधकांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. दोन मित्रांत संस्थेच्या कारभारावरूनही कटुता आली, टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले, तेव्हा वय अवघं ३८. टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. मतभेद किती टोकाचे होते हे माहीत असलेल्या वाचकांनी तो मृत्युलेख वाचला असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार वर्गात मुलांना करायला लावा. माणूस गेल्यावर लिहायचे चार शब्द तो असताना बोलता आले तर बरं, एवढं तर आपण त्यातून घेऊ शकतो.

दुसरं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. हिंदू कोड बिल लवकर मंजूर व्हावं यासाठी त्यांनी ऑगस्ट १९५१ मध्ये आधी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. बिल पुढे सरकेना, तेव्हा २७ सप्टेंबर १९५१ रोजी राजीनाम्याचं पत्र दिलं. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये आपण मंत्रिमंडळ का सोडलं याचं मुद्देवार निवेदन त्यांनी देशासमोर ठेवलं. हा क्रम बघण्यासारखा आहे. आधी संबंधित व्यक्तीला पत्र. तिथे काम झालं नाही, तेव्हा पद सोडणं. आणि मग जाहीर निवेदन, कारण बाब देशातल्या सगळ्या स्त्रियांची होती. गप्प राहणं त्यांनी मान्य केलं नाही, आणि पहिल्याच दिवशी वर्तमानपत्राकडेही गेले नाहीत. याच बाबासाहेबांनी १९५४ मध्ये आपल्या भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढवली होती. ते हरले, पण आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात ती निवडणूक कायमची नोंदली गेली.

७) कायदा काय सांगतो?

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबईतल्या बंदविषयीच्या एका फेसबुक पोस्टमुळे अटक झाली. एकीने पोस्ट लिहिली होती, दुसरीने फक्त ‘लाईक’ केली होती. देशभर चर्चा झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ यामुळे लोकांसमोर आलं, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. म्हणजे दुसऱ्याला पटत नाही असं मत लिहिणं हा गुन्हा नाही.

पण म्हणून काहीही लिहिता येतं असं नाही. बदनामी, धमकी, स्त्रीचा अपमान, अश्लील मजकूर, दोन समाजांत तेढ वाढवणारा मजकूर हे आजही गुन्हे आहेत. बदनामीच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या विषयाला धरून आहे: मजकूर तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचणं हा त्या गुन्ह्याचा मुख्य भाग असतो. एखाद्याला एकट्याला ‘तुमच्या हिशोबात मला गडबड वाटते’ म्हणणं आणि दोनशे जणांच्या ग्रुपवर ‘यांनी पैसे खाल्ले’ लिहिणं यात कायद्यानेही मोठा फरक आहे.

अॅडमिनबद्दलचा एक महत्त्वाचा निकाल तर आपल्या शेजारचाच आहे. अर्जुनी मोरगाव तालुका १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता, आता तो गोंदिया जिल्ह्यात आहे. तिथल्या एका ग्रुपवर एका सदस्याने महिला सदस्याविषयी घाण भाषा वापरली. अॅडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून अॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये अॅडमिनवरचा खटला रद्द केला. सदस्य काय लिहिणार हे अॅडमिनला आधी कळत नाही आणि रोखताही येत नाही, दोघांचा आधीपासून संगनमताचा बेत असल्याशिवाय दुसऱ्याच्या मजकुरासाठी अॅडमिनला जबाबदार धरता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

कायद्याने अॅडमिन सुटला. पण त्या ताईंचं काय? दोनशे जणांसमोर अपमान झाला आणि कोणीच काही बोललं नाही, ही गोष्ट कायद्याने भरून निघत नाही. म्हणून खटला होवो न होवो, अशा वेळी बोलणं हे अॅडमिनचं आणि प्रत्येक सदस्याचं कर्तव्य आहे. ही ‘एकट्याला सांगा’ची वेळ नव्हे. ‘ही भाषा या ग्रुपवर चालणार नाही’ एवढं वाक्य दहा जणांनी लिहिलं तरी त्या बाईला आधार मिळतो.

आपल्या शिक्षकांसाठी आणखी एक: जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्याला त्यात मर्यादा आहेत. आपली अडचण लेखी निवेदनाने, संघटनेमार्फत, योग्य मार्गाने मांडावी. केंद्राच्या ग्रुपवरचा मेसेज ‘आपसातला’ असतो असं समजू नये.

८) अॅडमिनने एवढं करावं

- ग्रुपचा हेतू दोन ओळींत वर लिहून ठेवावा. शाळेचा ग्रुप असेल तर त्यावर शाळेचंच.
- वाद तापला तर काही तासांसाठी ‘फक्त अॅडमिन लिहू शकतात’ ही सोय वापरावी. पण ती सुरू करताना कारण आणि पुन्हा उघडण्याची वेळ सांगावी, नाहीतर तोंड दाबल्यासारखं होतं.
- कोणाला काढण्याआधी एकदा फोन करावा.
- आपल्या बाजूच्या माणसालाही तोच नियम लावावा.
- वाद भेटून मिटला तर ‘विषय मिटला, दोघांचेही आभार’ असं ग्रुपवर जरूर लिहावं. भांडण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, मग समेटही सगळ्यांना दिसू द्या.

राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले भांडण गावातच बसून मिटवायचं, हा त्यामागचा विचार. आता बरेच तंटे मोबाईलवर सुरू होतात, म्हणून तोच विचार तिथेही न्यायला हवा.

९) वर्गासाठी उपक्रम (इयत्ता ४ थी ते ७ वी)

मुलांच्या हाती मोबाईल न देता हा उपक्रम घेता येतो. फळ्यावर मोठी चौकट काढा आणि वर लिहा ‘आपल्या वर्गाचा ग्रुप’. बाजूला एक लहान डबा ठेवा, त्यावर लिहा ‘फक्त तुझ्यासाठी’. आता मुलांना पुढील प्रसंग द्या. प्रत्येकाने चिठ्ठीवर उत्तर लिहायचं आणि ती फळ्यावर चिकटवायची की डब्यात टाकायची हे स्वतः ठरवायचं.

१. मित्राने गोष्टीत ‘वैनगंगा’ शब्द चुकीचा लिहिला.
२. वर्गनायक म्हणतो, मधल्या सुट्टीत फक्त मुलं क्रिकेट खेळतील, मुली नाही.
३. कोणीतरी सांगितलं की उद्या शाळेला सुट्टी आहे, पण ते खरं नाही.
४. मैत्रिणीने तुझी पट्टी न विचारता घेतली.
५. एका मुलाच्या फाटक्या दप्तराला सगळे हसत आहेत.

नंतर प्रत्येक चिठ्ठीवर चर्चा घ्या: ही फळ्यावर का? डब्यात का? पाचव्या प्रसंगावर थोडा जास्त वेळ द्या. काही मुलं लिहितील ‘हसू नका’ आणि ती फळ्यावर लावतील, काही जण त्या मुलासाठी डब्यात ‘मी तुझ्यासोबत आहे’ अशी चिठ्ठी टाकतील. दोन्ही बरोबर आहेत, आणि दोन्हींची गरज आहे, हे मुलांनाच बोलू द्या. शेवटी ‘मला हे पटत नाही, कारण...’ या वाक्याने सुरू होणारी पाच वाक्ये वहीत लिहायला सांगा. आपल्या बोलीत लिहिली तरी चालतील. ‘जी’ लावला तर आणखी छान.

पालकांनीही हा खेळ घरी करून बघावा. आणि आज रात्री एखाद्या ग्रुपवर उत्तर टाइप करताना पाठवण्याआधी एकदा बघावं की ही चिठ्ठी फळ्यावरची आहे की डब्यातली.